पशूंची लस आणि शरीरातील संप्रेरके

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनप्रसंगी सेलू येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चालकांनी या व्यासपीठावरून चार शब्द बोलण्याची संधी आम्हांस दिली, याबद्दल प्रारंभीच त्यांचे मनःपूर्वक आभार मानतो. अशा प्रसंगी शिक्षण, विवाह, शिष्यवृत्ती इत्यादी विषयांवर भाषणे व्हावीत हे स्वाभाविकच आहे. आम्ही मात्र आज आपणांस गोठ्याकडे घेऊन जाणार आहोत. आपल्यापैकी कित्येक कुटुंबे नोकरीधंद्यानिमित्त पुण्यास, औरंगाबादेस, हैदराबादेस स्थायिक झाली आहेत; तथापि दुधनेच्या काठच्या या मुलखात ज्यांची घरे अजून नांदती आहेत, त्यांच्या दारी एखादी म्हैस, एखादी देवणी किंवा लाल कंधारी गाय, चार उस्मानाबादी शेळ्या आजही आहेत. पावसाने दगा दिला आणि कापूस हातचा गेला, तर घरातील मुलांच्या फीची सोय याच गोठ्यातून होते. असे एक जनावर साथीत दगावणे म्हणजे त्या घराचे वर्षाचे अंदाजपत्रक कोलमडणे होय.

या संकटावर लस हा उपाय आहे, हे आता सर्वांस ठाऊक आहे. तरीही लस टोचणारे डॉक्टर गावात आले की तीन तक्रारी हमखास कानी पडतात. पहिली, "गेल्या साली लस टोचली होती, तरी जनावराला रोग झालाच." दुसरी, "लस टोचली आणि म्हशीचे दूध उतरले." तिसरी, "गाभण गाईला टोचली आणि ती गाभडली." या तक्रारींना अडाणीपणा म्हणून हसण्यावारी नेणे आम्हांस मान्य नाही. ज्याचे जनावर गेले त्याचे दुःख खरे असते आणि त्याने पाहिलेली गोष्टही पुष्कळदा खरी असते; चूक होते ती कारण ठरविण्यात. ते कारण शोधू गेले असता शास्त्रज्ञांना जी एक विलक्षण वाट सापडली, तिचे नाव संप्रेरके. आजचा आमचा विषय हाच की, जनावराच्या शरीरातील संप्रेरके लसीच्या कार्यास कधी हात देतात, कधी आडवी येतात; आणि हे जाणून आपण काय करावे.

थोडा पूर्वेतिहास

लसीची विद्या आपल्या प्रांतास नवी नाही. १७९६ साली जेन्नर या इंग्लिश वैद्याने गाईच्या सडांवरील देवीच्या लसेने माणसाला देवीपासून वाचविता येते हे दाखविले. इंग्रजीतील लसीचे नावही गाईसाठी असलेल्या लॅटिन शब्दापासूनच आले. माणसाने गाईचे हे ऋण फेडण्यास प्रारंभ केला तो पुढे शंभर वर्षांनी. आणि अभिमानाची गोष्ट ही की, हिंदुस्थानात पशुरोगांच्या शास्त्रीय अभ्यासाची पहिली प्रयोगशाळा १८८९ साली पुण्यासच निघाली. ती पुढे १८९३ साली कुमाऊंच्या डोंगरांत मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. बुळकांडीसारख्या भयंकर सांसर्गिक रोगावर काम करावयाचे, तर वस्तीपासून दूर आणि थंड जागा हवी, हा त्यात हेतू होता.

मुक्तेश्वर येथेच १९२७ च्या सुमारास एडवर्ड्‌स यांनी बुळकांडीचा विषाणू शेळ्यांमधून वारंवार नेऊन सौम्य केला आणि त्याची लस बनविली. आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. ही एकच लस मैदानी मुलखातील काटक बैलांना उत्तम मानवे. परंतु डोंगरी जनावरांना, विलायती रक्ताच्या गाईंना आणि अशक्त ढोरांना तिचा त्रास होई. कित्येकांच्या रक्तात दडून बसलेले गोचीडतापासारखे जुने आजार लसीनंतर डोके वर काढीत. लस एकच, मात्रा एकच, परंतु फळ निरनिराळे! म्हणजे फळ केवळ कुपीतील औषधावर अवलंबून नसून ते ज्याला टोचावयाचे त्या देहाच्या अवस्थेवरही अवलंबून असते, हा धडा त्याच वेळी मिळाला होता. पुढे अधिक निर्धोक लसी निघाल्या, १९५४ साली राष्ट्रीय बुळकांडी निर्मूलन योजना सुरू झाली, २००६ साली भारत या रोगापासून मुक्त झाल्याचे मान्य झाले आणि २०११ साली अखिल जगातून बुळकांडी नाहीशी झाल्याची घोषणा झाली. ज्या रोगाने आपल्या पणजोबांचे गोठेच्या गोठे ओस पाडले, तो आज पृथ्वीतलावर नाही. लसीवर विश्वास ठेवण्यास याहून मोठा पुरावा कोणता हवा?

लस म्हणजे काय, संप्रेरक म्हणजे काय

लस म्हणजे औषध नव्हे. ती शिकवणी आहे. मेलेला किंवा निःसत्त्व केलेला रोगजंतू शरीरात सोडून शरीराला शत्रूची ओळख करून द्यावयाची, एवढेच लसीचे काम. पुढचे काम रक्तातील पांढऱ्या पेशींचे. त्या शत्रूला ओळखतात, आपली संख्या वाढवितात, त्याच्यावर नेमकी बसतील अशी प्रतिपिंडे तयार करतात आणि त्याची आठवण ठेवतात. याला दोनतीन आठवडे लागतात. शिक्षक उत्तम असला तरी विद्यार्थी उपाशी, घाबरलेला किंवा आजारी असेल, तर धडा मनात ठसत नाही. तद्वतच येथे आहे.

आता संप्रेरक. शरीरातील काही ग्रंथी आपला रस नळीवाटे बाहेर न टाकता थेट रक्तात सोडतात. तो रस रक्ताबरोबर सर्व देहात फिरतो आणि दूरच्या अवयवांना हुकूम पोहोचवितो. या दूताला संप्रेरक असे नाव आहे. आपल्या भगिनींना याचे उदाहरण रोज पहावयास मिळते. वासरू ढुसण्या देऊ लागले किंवा ओळखीच्या हाताने कास धुतली की म्हैस पान्हा सोडते, तो ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे. त्याच वेळी अनोळखी माणूस गोठ्यात शिरला, कुत्रे भुंकले, कोणी काठी उगारली, तर म्हैस पान्हा चोरते; कारण भीतीने ॲड्रेनलिन हे दुसरे संप्रेरक उसळते आणि पहिल्याला काम करू देत नाही. ही गोष्ट आपल्या आज्यांना पुस्तक न वाचता ठाऊक होती. जे संप्रेरक कासेतील दूध अडवू शकते, त्याचीच भावंडे रक्तातील सैन्यालाही अडवू शकतात, एवढीच भर आम्ही त्यात घालीत आहोत.

भीती, प्रवास आणि कॉर्टिसॉल

मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन लहान ग्रंथी असतात. त्यांना अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. जनावरावर संकट आले की त्यांच्यातून कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक स्रवते. १९३६ साली हान्स सेल्ये या संशोधकाने दाखविले की, उंदरांना थंडी, जखम, अतिश्रम यांपैकी कोणताही जाच दिला तरी परिणाम एकच होतो: अधिवृक्क ग्रंथी फुगतात आणि छातीतील यौवनलोपी ग्रंथी आक्रसते. पुढे कळून आले की ही यौवनलोपी ग्रंथी म्हणजे पांढऱ्या पेशींची तालीमच होय. म्हणजे जाचाचा घाव थेट सैन्याच्या तालमीवर पडत होता. या अधिवृक्क ग्रंथींच्या संप्रेरकांवरील कार्याबद्दल केंडॉल, राइखश्टाइन आणि हेंच या तिघांना १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

कॉर्टिसॉल वाढले की रक्तातील धडा शिकणाऱ्या पेशींची संख्या उतरते आणि त्या एकमेकींना जे रासायनिक निरोप धाडतात ते मंदावतात. निसर्गाने हे शत्रुत्वाने केलेले नाही. वाघ पाठीस लागला असता देहाची सारी शक्ती पळण्यासाठी हवी. उद्याच्या रोगाची तयारी उद्या करता येईल, असा हा हिशेब आहे. आणखी असे की, क्षणभराच्या भीतीने विशेष बिघडत नाही. थोडक्या काळाच्या तणावाने काही वेळा प्रतिकार तात्पुरता तीव्रही होतो. सुईच्या टोचण्याला भिण्याचे कारण नाही. घात होतो तो दिवसचे दिवस चालणाऱ्या जाचाने.

असा जाच आपल्याकडे कोठे होतो? बाजारातून जनावर आणताना. हाळी-हंडरगुळीच्या बाजारातून किंवा माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतून विकत घेतलेली गाय टेम्पोत दाटीवाटीने उभी राहून, उपाशीतापाशी, रात्रभर हादरे खात येते. कळप तुटलेला असतो, कधी वासरूही मागे राहिलेले असते. तिला उतरविल्याबरोबर सुई टोचली, तर देह धडा शिकण्याच्या स्थितीत नसतो. अमेरिकेत वासरे दूरच्या प्रवासाने मोठ्या छावण्यांत आणली जातात. तेथे येताच लस टोचावी की दोन आठवडे थांबून, यावर पुष्कळ प्रयोग झाले. थांबण्याने काही ठिकाणी वाढ चांगली झाली, परंतु आजारपणाच्या बाबतीत सर्वत्र फरक दिसला नाही. म्हणून आम्ही याचा सक्त नियम करीत नाही. शांततेचा काळ असेल तर नवे जनावर वेगळे बांधावे, चारापाणी देऊन दहापंधरा दिवस स्थिर होऊ द्यावे आणि मग लस टोचावी. परंतु शेजारच्या गावी साथ आली असेल, तर वाट पाहणे हेच मोठे संकट. तेव्हा डॉक्टर सांगतील त्या दिवशी लस घ्यावी.

कॉर्टिसॉलचा कृत्रिम अवतारही आहे. डेक्सामेथासोन हे औषध योग्य वैद्याच्या हाती जीव वाचविणारे आहे. परंतु ताप आला, चारा सोडला, अंग सुजले की ज्याच्या त्याच्या हातून हे इंजेक्शन टोचून घेण्याची रीत काही ठिकाणी पडली आहे, ती घातक आहे. या औषधाने प्रतिकारशक्ती दबते; गाईच्या मज्जातंतूंत झोपी गेलेला नागीण जातीचा विषाणू याने जागा होतो, हे प्रयोगांनी सिद्ध झालेले आहे; आणि दिवस भरत आलेली गाय याने अकाली विते. तिसऱ्या तक्रारीतील काही गर्भपातांचे मूळ लसीत नसून अशा इंजेक्शनात असू शकते. यास्तव लसीपूर्वी काही आठवड्यांत जनावराला कोणते इंजेक्शन दिले होते, हे डॉक्टरांस न लपविता सांगावे.

विण्याचा काळ आणि चीक

गाय वेते कशी, याचा उलगडा १९६० नंतरच्या दशकात न्यूझीलंडमधील लिगिन्स यांनी मेंढ्यांवर केला. विण्याची वेळ आई ठरवीत नाही. पोटातील कोकराच्या अधिवृक्क ग्रंथी पक्व होऊन कॉर्टिसॉल सोडू लागल्या की कळांचा प्रारंभ होतो. त्याच सुमारास आईच्या रक्तातही उलथापालथ होते. गर्भ सांभाळणारे प्रोजेस्टेरोन झपाट्याने उतरते, इस्ट्रोजेन चढते, आणि प्रत्यक्ष विण्याच्या दिवशी आईचे कॉर्टिसॉल उसळते. त्यातच दूध येऊ लागल्याने चरबी, साखर आणि चुना यांचा साठा खर्ची पडतो. परिणाम असा की, विण्यापूर्वीचे सुमारे तीन आठवडे व नंतरचे तीन आठवडे गाईची प्रतिकारशक्ती मंद असते. दगडी, जार अडकणे, गर्भाशयाचा दाह या साऱ्या व्याधी याच काळात का गाठतात, ते यावरून कळेल.

कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी या काळात गाईंना एक निरुपद्रवी प्रथिन टोचून त्यांच्या प्रतिपिंडांचे मोजमाप केले. १९९० नंतरच्या दशकातील हे काम आहे. त्यात असे दिसले की, काही गाई विण्याच्या धामधुमीतही भरपूर प्रतिपिंडे बनवितात, तर काहींची संख्या पार ढासळते. म्हणजे एकाच दावणीच्या दोन गाईंना एकच लस सारखी लागू पडेलच असे नाही. "शेजारणीच्या गाईला काही झाले नाही, आमच्याच गाईला रोग का?" या प्रश्नाचे अर्धे उत्तर यात आहे.

आता संप्रेरकांची दुसरी, मायेची बाजू पाहू. माणसाचे मूल आईच्या पोटातच तिची काही प्रतिपिंडे घेऊन जन्मास येते. गाईम्हशींत तसे होत नाही. गर्भाच्या वेष्टनाची रचनाच अशी की, प्रतिपिंडे पलीकडे जात नाहीत. वासरू जवळजवळ कोऱ्या पाटीनेच जन्मते. परंतु शेवटच्या काही आठवड्यांत इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरोन यांच्या हुकुमाने आईच्या रक्तातील प्रतिपिंडे कासेत उतरू लागतात, इतकी की तिच्या स्वतःच्या रक्तातील त्यांचे प्रमाण घटते. तोच चीक. दूध वाहू लागण्याच्या वेळी प्रोलॅक्टिन हे संप्रेरक हा दरवाजा बंद करते. इकडे वासराच्या आतड्याचे दारही पहिल्या दिवसानंतर मिटते. म्हणून पहिल्या काही तासांत वासराला पोटभर चीक पाजणे हीच त्याची पहिली लस होय. भगिनींनो, खरवस आम्हांसही प्रिय आहे. परंतु पहिल्या धारेवर हक्क वासराचा. त्याचे पोट भरल्यावर उरेल त्याचा खरवस करावा.

यावरून गाभण जनावराच्या लसीचे गणित उलगडते. लस अगदी शेवटच्या आठवड्यांत दिली, तर आईची शक्ती मंद असते आणि प्रतिपिंडे चिकात उतरण्यास वेळही उरत नाही. ती त्याआधी पुरेशी अगोदर दिली, तर आई आणि वासरू दोघांचे कल्याण होते. लाळ-खुरकताची लस मेलेल्या विषाणूंची असते. तिच्यातील विषाणू रोग उत्पन्न करू शकत नाही. परंतु दिवस भरत आलेल्या म्हशीला चार जणांनी दोर लावून आडवी पाडली, तर ती धडपड तिला बाधू शकते. यासाठीच दिवस भरलेल्या जनावरांना वगळून विल्यानंतर लस देण्याचा प्रघात आहे. उलटपक्षी, चिकातून आलेली आईची प्रतिपिंडे वासराच्या रक्तात असेतोवर त्याला दिलेली लस ती प्रतिपिंडेच निष्प्रभ करतात. म्हणून वासराची लाळ-खुरकताची पहिली लस चौथ्या महिन्यानंतर, दुसरी त्यानंतर महिनाभराने आणि पुढे दर सहा महिन्यांनी, असा क्रम आहे. एकदाच टोचून पुन्हा फिरकावयाचे नाही आणि वर्षाने रोग झाला की लसीस दोष द्यावयाचा, हे न्यायाचे नव्हे.

वय आणि लिंग

१९०४ साली हेंडरसन या संशोधकाने गोवंशाच्या यौवनलोपी ग्रंथींचे वजन करून पाहिले. वळू वयात आला की त्याची ही ग्रंथी आक्रसते. परंतु खच्ची केलेल्या बैलाची पुष्कळ काळ मोठी राहते, असे त्यास आढळले. पुरुष-संप्रेरक आणि प्रतिकारशक्ती यांचे नाते उघड करणारा हा एक फार जुना दाखला आहे आणि तो सुदैवाने आपल्या ओळखीच्या प्राण्याचाच आहे.

कोंबड्यांची कथा तर याहून मनोरंजक आहे. कोंबडीच्या मलद्वाराजवळ एक लहानशी पिशवी असते. सतराव्या शतकातील फॅब्रिशियस या इटालियन शारीरज्ञाचे नाव तिला आहे. ती कशासाठी आहे, हे तीनशे वर्षे कोणास कळले नाही. अमेरिकेतील ओहायो येथे ब्रूस ग्लिक या विद्यार्थ्याने ती काही पिलांतून काढून टाकली. पिले ठणठणीत राहिली. पुढे त्याचा सहाध्यायी चँग याने वर्गात प्रतिपिंडे दाखविण्यासाठी त्यांतील काही कोंबड्या नेल्या, तो काय? त्यांच्या रक्तात प्रतिपिंडे तयारच होईनात! १९५६ साली हा शोध प्रसिद्ध झाला. १९५९ साली मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, अंड्यातील गर्भाला पुरुष-संप्रेरकाच्या जातीचे द्रव्य दिले, तर ती पिशवी वाढतच नाही. एका संप्रेरकाच्या थेंबाने प्रतिपिंडांचा कारखानाच उभा राहू नये, याहून स्पष्ट पुरावा तो कोणता? प्रतिपिंडे बनविणाऱ्या पेशींना आज 'बी' पेशी म्हणतात. ते 'बी' अक्षर या पिशवीच्या इंग्रजी नावाचेच.

वय आणि लिंग यांचा व्यवहारातील सर्वांत मोठा प्रसंग म्हणजे सांसर्गिक गर्भपात, अर्थात ब्रुसेलोसिस. या रोगाच्या जंतूला वयात न आलेल्या जनावरात फारसा थारा मिळत नाही. वयात आलेल्या आणि विशेषतः गाभण गाईच्या गर्भाशयात मात्र तो माजतो. लस जिवंत, परंतु सौम्य जंतूंची आहे. गाभण गाईला दिली तर गर्भपाताचे भय. नराला दिली तर वृषणाचा दाह होण्याचे भय. म्हणून ती केवळ मादी वासरांना, चार ते आठ महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदाच देतात. कालवड वयात येण्यापूर्वीच तिच्या शरीराला धडा शिकवून ठेवावयाचा, असा हा बेत आहे. चार महिन्यांची ती मुदत हुकली की हुकली. हा रोग कच्च्या दुधातून व गाभडलेल्या जनावराचा जार हाताळण्यातून माणसालाही होतो. महिनोन्‌महिने ताप येतो, सांधे धरतात. यास्तव कालवडीची ही लस म्हणजे घरातील माणसांचीही राखण होय.

ऊन आणि भूक

आता आपल्या मराठवाड्याच्या खास अडचणीकडे वळतो. घटसर्प आणि फऱ्या हे रोग पावसाळ्याच्या तोंडी येतात, म्हणून त्यांच्या लसी मृगापूर्वी टोचणे भाग असते. परंतु नेमक्या त्याच वेळी, वैशाख-ज्येष्ठात, परभणी जिल्ह्यात पारा बेचाळीस अंशांच्या वर असतो, कडबा संपत आलेला असतो आणि जनावरांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशी अवस्था असते. उन्हाच्या तडाख्याने कॉर्टिसॉल वाढते आणि देहातील उष्णता कमी ठेवण्यासाठी कंठातील अवटू ग्रंथी आपले संप्रेरक आवरते घेते. भुकेचाही एक दूत आहे. अंगावरील चरबीतून लेप्टिन नावाचे संप्रेरक स्रवते. त्याचा शोध १९९४ साली लागला. चरबी झडली की लेप्टिन उतरते, आणि उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले की, उपासमारीने ढासळलेला प्रतिकार लेप्टिन दिले असता सावरतो. गाईम्हशींत हा अभ्यास अद्याप तितका खोल झालेला नाही. तथापि उपाशी देहाला शत्रूशी लढण्यापुरती शिधासामग्री नसते, हे सांगण्यास प्रयोगशाळा कशाला हवी? १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, आणि २०१२-१३ व २०१८-१९ च्या चारा छावण्या ज्यांच्या स्मरणात आहेत, त्यांना हे पटेल.

मग उपाय काय? ऋतू आपल्या हाती नाही, पण वेळ आहे. लस दिवस उगवताच, उन्हे तापण्यापूर्वी टोचून घ्यावी. जनावर सावलीत बांधावे. टोचण्यापूर्वी व नंतर पोटभर पाणी पाजावे. लसीच्या आधीचे दोनतीन आठवडे थोडी सरकीची पेंड, थोडा हिरवा चारा, मिठाचा खडा, जे शक्य असेल ते द्यावे. जंताचे औषध आठपंधरा दिवस आधी पाजावे. खच्ची करणे, शिंगे डागणे, वासरू तोडणे, लांबचा प्रवास हे सारे लसीच्या दिवशी आणि आगेमागे टाळावे. लसीची कुपी बर्फात राहिली आहे ना, हे पाहण्याचा आपणांस अधिकार आहे. कारण उन्हात तापलेली लस सर्वांत बलवान बैलालाही उपयोगाची नाही.

दूध का उतरते

दुसऱ्या तक्रारीचे उत्तर राहिले. लस टोचल्यावर पांढऱ्या पेशी जागृत होऊन जी निरोपद्रव्ये सोडतात, ती मेंदूपर्यंत पोहोचतात. मेंदू अंगात थोडी कणकण आणतो, भूक मंद करतो आणि अधिवृक्क ग्रंथींना कॉर्टिसॉल सोडण्याचा हुकूम देतो, जेणेकरून सैन्याचा उत्साह हाताबाहेर जाऊ नये. म्हणजे संप्रेरके लसीवर परिणाम करतात तशी लसही संप्रेरकांवर करते; हा व्यवहार दोन्ही बाजूंचा आहे. त्या एकदोन दिवसांत दूध थोडे उतरते आणि बहुधा लवकरच पूर्ववत होते. दूध उतरणे ही धडा चालू असल्याची खूण आहे. एका पारड्यात दोनतीन दिवसांचे चार शेर दूध आणि दुसऱ्यात लाळ-खुरकताने तोंड सडून महिनाभर उपाशी उभी राहणारी म्हैस. घरातील कर्त्या स्त्रीनेच हा हिशेब करावा.

समारोप

मित्रहो, २०२२ च्या ऑगस्टात जळगाव जिल्ह्यातून लम्पी चर्मरोगाची साथ महाराष्ट्रात सुरू झाली आणि पाहता पाहता मराठवाड्यातही आली. अंगभर गाठी आलेल्या गाई व डोळ्यांत पाणी आणून दावणीशी बसलेले त्यांचे धनी आपण पाहिले आहेत. शेळ्यांच्या देवीची लस त्या वेळी गावोगाव टोचण्यात आली आणि पुष्कळ पशुधन वाचले. त्याच वर्षी हिस्सार व इज्जतनगर येथील शास्त्रज्ञांनी या रोगाची स्वतंत्र स्वदेशी लसही तयार केली. लाळ-खुरकत व सांसर्गिक गर्भपात यांसाठी २०१९ पासून सरकारने राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. परभणीस १९७२ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. ते सेलूहून रेल्वेने जवळच आहे. कुपीतील विद्या आपल्या दारापर्यंत येऊन पोहोचली आहे. दाराच्या आतील काम, म्हणजे जनावर निर्भय, पोटभर खाल्लेले आणि योग्य वेळी लसीस सिद्ध ठेवणे, हे मात्र कोणतेही सरकार करू शकणार नाही.

तेव्हा आमची विनंती एवढीच. प्रत्येक घराने गोठ्याची एक वही ठेवावी. तीत जनावर केव्हा माजावर आले, केव्हा भरविले, केव्हा विणार, कोणती लस कोणत्या तारखेस टोचली, कोणते इंजेक्शन दिले, हे लिहावे. घरातील शाळेत जाणारी मुलगी हे काम उत्तम करील. डॉक्टर आले की ती वही त्यांच्यापुढे ठेवावी. संप्रेरकांची नावे विसरली तरी चालेल. ती ज्या तारखांना चढतात आणि उतरतात, त्या तारखा वहीत असल्या म्हणजे झाले. आणि जनावरावर काठी उगारण्यापूर्वी हे आठवावे की, प्रेमाने फिरविलेला हात कासेत दूध उतरवितो, तसाच तो लसीलाही साह्य करतो. मुक्या जिवाशी दयेने वागावे हे आपल्या संतांनी धर्म म्हणून सांगितले; शास्त्राने आज तेच लाभाचे म्हणून सांगितले आहे. ज्या गोष्टीत धर्म आणि लाभ दोन्ही आहेत, ती करण्यास विलंब कशाला?